नळीस मानवणारा छर्रा

घरांत एखादें मूल नेमबाजी शिकूं लागलें कीं वर्ष-सहा महिन्यांनीं एक प्रश्न हटकून उभा राहतो. बंदूक घेतली, जाड कोट शिवला, शिकवणीची फी भरली, रोजचा तास-दीड तास त्यांत घातला. मग गुण कां वाढत नाहींत? आजोबांचें मत पडतें कीं, अभ्यासाचा वेळ फुकट गेला. काका म्हणतात, याहून भारी बंदूक घेतल्यावांचून भागणार नाहीं. आईस वाटतें, एकदां डोळे तपासून घ्यावे. आणि ज्याच्याविषयीं हा खल चाललेला असतो तें मूल खालीं मान घालून जेवत असतें. स्वतःच्या हातावरील त्याचा विश्वास रोज थोडाथोडा उडत असतो.

या साऱ्या चर्चेंत ज्या वस्तूचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं, ती म्हणजे हवेच्या बंदुकींत घालावयाचा शिशाचा छर्रा. या खेपेस आम्ही त्याच्याविषयींच लिहिणार आहोंत. छर्रा बदलला कीं गुण वाढतात, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हाताचा दोष आणि छऱ्याचा दोष हे दोन वेगळे केल्यावांचून कोणाविषयींही निकाल देऊं नये. आणि ते वेगळे करण्याची रीत कोणाही सुशिक्षित कुटुंबास सहज साधण्यासारखी आहे.

प्रथम हें प्रकरण किती सूक्ष्म आहे तें पाहूं. दहा मीटरच्या एअर रायफलच्या स्पर्धेंत निशाणाचा मधला, दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. नऊचें वर्तुळ साडेपांच मिलिमीटरांचें, आणि सर्वांत बाहेरचें, एका गुणाचें वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटरांचें. छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटर जाडीचा असल्यामुळें तो मधल्या ठिपक्यास नुसता चाटून गेला तरी दहा गुण पडतात. परंतु हल्लीं मोठ्या स्पर्धांतून विजेवर चालणारीं निशाणें असतात आणि तीं दहाचेही भाग पाडून १०.० पासून १०.९ पर्यंत गुण देतात. छऱ्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून आणखी पाव मिलिमीटर दूर सरकला कीं एक दशांश गुण कमी होतो. प्राथमिक फेरींत असे साठ नेम मारावयाचे असतात, आणि पुढें जाणारा व मागें राहणारा यांत पुष्कळदां अशा एक-दोन दशांशांचेंच अंतर असतें.

११ ऑगस्ट २००८ रोजीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हाक्किनेन हे शेवटच्या नेमापूर्वीं बरोबरीवर होते. हाक्किनेन यांस त्या नेमांत ९.७ गुण पडले. बिंद्रा यांस १०.८ पडले आणि भारतास वैयक्तिक स्पर्धेंतील पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालें. महाराष्ट्रासही हा खेळ परका नाहीं. मुंबईच्या अंजली भागवत २००० सालीं सिडनीस याच प्रकाराच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या होत्या, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें याच प्रकारांत जगज्जेता झाला. हे पराक्रम हाताचे आणि मनाचे, यांत शंका नाहीं. पण ज्या खेळांत पाव मिलिमीटराचा हिशेब होतो तेथें छर्राच जर मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे जाणारा असेल, तर हात स्थिर करून काय साधणार?

आतां छर्रा इकडेतिकडे जातो तो कां, हें समजून घेतलें पाहिजे. त्याचा आकार आपल्या डमरूसारखा असतो. पुढें डोकें, मध्यें बारीक कमर आणि मागें पोकळ, पातळ घेर. नळीच्या आंतून पीळदार खांचा कोरलेल्या असतात. डोकें त्या खांचांवर टेकून सरकतें आणि छऱ्यास भोंवऱ्यासारखी गरगर फिरकी मिळते. मागून हवेचा दाब आला कीं पातळ घेर फुलतो आणि नळीच्या भिंतीस घट्ट चिकटतो, म्हणून हवा बाजूनें निसटत नाहीं. बाहेर पडल्यावर वजन पुढें आणि वाऱ्याचा अडथळा मागें, अशी रचना असल्यामुळें छऱ्याचें तोंड सरळ राहतें. बाणाच्या शेपटीस पिसें लावतात त्यांतला हा प्रकार. घेर एका बाजूस दबलेला असला, डोकें नळीस सैल किंवा फाजील घट्ट झालें, अथवा शिसें एका अंगास अधिक भरलें, तर ही सारी व्यवस्था बिघडते. सेकंदाला सुमारें १७० मीटर या गतीनें निघालेला छर्रा दहा मीटरांचें अंतर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच कापतो. तरीपण तेवढ्यांत तो वाकडा जावयाचा तो जातोच.

एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेल्या दोन नळ्यादेखील आंतून तंतोतंत सारख्या नसतात. मिलिमीटराच्या शंभराव्या भागाचा फरक राहतोच. छर्रे ज्या साच्यांत ठोकतात ते साचे झिजतात, बदलतात. त्यामुळें एकाच नांवाचे, पण वेगवेगळ्या घाण्यांतून निघालेले छर्रेही सारखे नसतात. म्हणून "सर्वांत चांगला छर्रा कोणता?" हा प्रश्नच अपुरा आहे. एका प्रकृतीस मानवलेलें अन्न दुसरीस मानवतेंच असें नाहीं, तसेंच हें आहे. शेजारच्या मुलानें ज्या छऱ्यावर पदक मिळविलें तो आपल्या नळीस मानवेल कीं नाहीं, हें आपली नळीच सांगूं शकते. दुकानदार नव्हे, आणि शेजारचा मुलगाही नव्हे.

बाजारांत गेल्यावर डबीवर काय वाचावें? पहिली गोष्ट जाडी. स्पर्धेची बंदूक ४.५ मिलिमीटरची असते, परंतु चांगल्या डब्यांवर डोक्याचें नेमकें माप ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असें छापलेलें असतें. हा शेवटचा आंकडा क्षुल्लक समजूं नये. पुष्कळदां सारा फरक तेथेंच असतो. दुसरी गोष्ट वजन. रायफलसाठीं सुमारें ०.५३ ग्रॅमचे आणि पिस्तुलासाठीं त्याहून थोडे हलके छर्रे वापरण्याचा प्रघात आहे. तिसरी गोष्ट डोक्याचा आकार. कागदी निशाणावर दहा मीटरांवरून मारावयाचें असेल तर सपाट डोक्याचा छर्रा घ्यावा. तो तिकिटास भोंक पाडणाऱ्या चिमट्याप्रमाणें स्वच्छ, वाटोळें छिद्र पाडतो आणि गुणांविषयीं वाद राहत नाहीं. गोल डोक्याचा छर्रा लांबच्या अंतरास बरा. टोंकदार छऱ्याचें टोंक बरोबर मध्यावर क्वचित् असतें, म्हणून नेमाच्या कामीं त्याचा मोह धरूं नये. पोलादी गोळ्या तर पीळदार नळींत कधींच घालूं नयेत. त्या नळी खराब करतात आणि कठीण वस्तूवर आपटून उलट अंगावर येतात. चौथी गोष्ट घाण्याचा क्रमांक. तो वहींत उतरून ठेवावा. त्याचें कारण पुढें येईलच.

स्पर्धेचे छर्रे बहुतांशीं परदेशांतून येतात. जर्मनींतील हान. म्युंडेन येथील एच. अँड एन., जर्मनीचेंच आर. डब्ल्यू. एस. आणि चेक देशांतील जे. एस. बी. हीं नांवें या खेळांतील लोकांच्या तोंडीं नेहमीं असतात. तीं तीनही चांगलीं आहेत, आणि तीनहींपैकीं एखादें आपल्या नळीस न मानवण्याचा संभवही तितकाच आहे. प्रत्येक डबींत सामान्यतः पांचशें छर्रे असतात. पांच प्रकारच्या पांच डब्या एकट्यानें आणणें खर्चाचें होईल. याकरितां एका क्लबांतील चार-पांच घरांनीं मिळून एकेक प्रकारची डबी आणावी आणि प्रत्येकानें प्रत्येक डबींतून पन्नास-पन्नास छर्रे वांटून घ्यावे. वाण्याकडून वर्षाचें धान्य भरण्यापूर्वीं आपण मूठभर नमुना आणून भात शिजवून पाहतों. त्यांतलीच ही रीत आहे.

आतां परीक्षा कशी करावी तें सांगतों. ती शिक्षकांच्या देखरेखीखालीं, क्लबाच्या जागेंत, वारा नसेल तेथें करावी. दाबलेल्या हवेवर चालणारी स्पर्धेची रायफल असेल तर ती बाकास घट्ट बसविलेल्या पकडींत धरतात, म्हणजे माणसाचा हात हिशेबांतून अजीबात निघून जातो. आंतल्या कमानीवर चालणारी साधी बंदूक असेल तर मात्र तिला पकडींत आवळूं नये. तिची कमान सुटतांना बंदूक मागेंपुढें हिसका घेते. आवळून धरल्यास नेम उलट बिघडतो. ती वाळूच्या मऊ पिशवीवर सैल टेकवून, दर वेळीं एकाच जागीं आणि एकाच पद्धतीनें धरून मारावी.

छऱ्याचा प्रकार बदलला कीं पहिले दहा-पंधरा छर्रे हिशेबांत धरूं नयेत. नळीच्या आंतील शिशाचा आणि तेलाचा पातळ थर नव्या छऱ्याशीं जुळण्यास तेवढा अवधि लागतो. मग एका कागदावर दहा छर्रे मारावे, आणि असे तीन कागद प्रत्येक प्रकाराचे करावे. पांच छऱ्यांवर निकाल देण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण पांचांचा घोळका दहांच्या घोळक्याहून बहुधा लहानच येतो. त्यांत गुण छऱ्याचा नसून संख्येचा असतो. प्रत्येक कागदावर छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधील सर्वांत मोठें अंतर मोजावें आणि त्यांतून छऱ्याची जाडी वजा करावी. साडेसहा मिलिमीटर भरले तर घोळका दोन मिलिमीटरांचा झाला. एखादा छर्रा एकटाच दूर गेला तर "तो चुकून गेला" म्हणून सोडून देऊं नये. कां गेला हें सांगतां येत नसेल, तर तो हिशेबांत धरलाच पाहिजे. स्पर्धेंत त्यास कोणी वगळणार नाहीं. उत्तम रायफल आणि तिला मानवलेला छर्रा यांची जोडी जमली म्हणजे पकडींतून मारलेल्या दहा छऱ्यांचें छिद्र एका छऱ्याच्या छिद्राहून फारसें मोठें दिसत नाहीं.

पिशवीवर किंवा हातांत धरून परीक्षा करावयाची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. मारणाऱ्यास छऱ्याचें नांव कळूं देऊं नये. दुसऱ्या कोणीं कागदाच्या पुड्यांवर एक, दोन, तीन असे आंकडे घालून छर्रे द्यावे आणि सर्व कागद मोजून झाल्यावरच पुड्यांचीं नांवें फोडावीं. महाग डबी हातांत आली कीं हात आपोआप जपून चालतो, आणि स्वस्त डबी आली कीं मन आधींच हार खातें. घरांतील धाकट्या भावंडास पुड्या देण्याचें नव्हे, पण आंकडे लिहून घेण्याचें काम मोठें मानाचें वाटतें. धाकट्यांस छर्रे हाताळूं कां देऊं नयेत, याविषयीं पुढें लिहिलें आहे.

कागद समोर मांडले म्हणजे घरांतील वादाचा निकाल लागण्यास वेळ लागत नाहीं. पकडींतून घोळका लहान येतो आणि हातांतून मोठा येतो, तर काम हाताचें, श्वासाचें आणि उभें राहण्याच्या ढबीचें आहे. तें सरावानें आणि शिक्षकांच्या सांगण्यानें सुधारेल. नवी बंदूक घेऊन सुधारणार नाहीं, आणि काकांचे पैसे वांचतील. कोणत्याही छऱ्यानें पकडींतून घोळका मोठाच येत असेल, तर नळीचें तोंड, सैल झालेले स्क्रू किंवा नेम धरण्याची माशी यांत बिघाड आहे. बंदूक जाणत्या कारागिरास दाखवावी. आणि जुन्या छऱ्यानें घोळका मोठा, नव्यानें लहान, असें निघालें, तर इतके दिवस मुलानें ऐकून घेतलेले बोल अन्यायाचे होते असा त्याचा अर्थ होतो.

या शेवटच्या प्रसंगीं वडील माणसांनीं काय करावें, हा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. आपल्या घरांतून अशा वेळीं बहुधा कांहीं न बोलतां नवी डबी आणून दिली जाते आणि विषय मिटला असें समजण्यांत येतें. पण मुलाच्या मनांतला विषय मिटलेला नसतो. "हात अस्थिर आहे" हें वाक्य ज्या पंगतींत उच्चारलें गेलें, त्याच पंगतींत तें परत घेतलें पाहिजे. वडीलधाऱ्यानें चारचौघांत कागद पुढें ठेवून "दोष तुझा नव्हता" असें म्हटल्यानें त्याचा मान कमी होत नाहीं. उलट, पुराव्यापुढें आजोबाही आपलें मत बदलतात, हें मूल पाहतें. आणि पुढें कधीं दोष खरोखरच त्याचा निघाला, तर तोही तें निमूटपणें मान्य करण्यास शिकतें.

मानवणारा छर्रा सांपडला कीं वहींतील घाण्याचा क्रमांक काढावा आणि त्याच क्रमांकाच्या, हंगामभर पुरतील इतक्या डब्या एकदम घ्याव्या. तो घाणा संपला तर त्याच नांवाच्या नव्या डबीची परीक्षा पुन्हां पहिल्यापासून करावी. नांवावर विसंबूं नये. डबी खुळखुळवूं नये, पाडूं नये. शिसें मऊ असल्यामुळें घेर दबतात. भरण्यापूर्वीं प्रत्येक छऱ्याचा घेर एकदां नजरेखालून घालावा. कांचेच्या तुकड्यावर छर्रा घरंगळत सोडला तर तो सरळ न जातां कमानींत वळतो, कारण त्याचें डोकें आणि घेर यांची जाडी सारखी नसते. ही कमान एकसारखी असावी. जो अडखळतो, डगमगतो, तो सरावास ठेवावा. प्रत्येक छर्रा तोलून पाहण्याचा नाद कांहीं लोक करतात. पण डोक्याचें माप आणि घेराचा गोलपणा ठीक असल्यास घरगुती सरावाच्या कामीं तोलण्याच्या खटाटोपानें फारसें कांहीं हातीं लागत नाहीं.

आतां गृहिणींनीं अवश्य वाचावी अशी गोष्ट. शिसें हें विष आहे, आणि तें हळूहळू चढणारें विष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें रक्तांतील शिशाचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण ठाऊक नाहीं. लहान मुलें आणि गर्भवती स्त्रिया यांस त्याचा धोका सर्वांत अधिक. मुलांच्या मेंदूच्या वाढीस त्यानें अपाय होतो. म्हणून छऱ्यांची डबी स्वयंपाकघरांत किंवा जेवणाच्या जागीं ठेवूं नये. तिला कुलपाचें कपाट असावें. छर्रे वाट्यांत अगर ताटलींत काढूं नयेत, आणि सोयीसाठीं दांतांत धरण्याची वाईट खोड तर लागूंच देऊं नये. सराव संपला कीं साबणानें हात स्वच्छ धुतल्याखेरीज मुलानें खाण्यास अगर धाकट्या भावंडास हात लावूं नये. छर्रा पोलादावर आपटला म्हणजे शिशाची बारीक धूळ उडते. ती जागा केरसुणीनें झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें सराव घरांत करूंच नये, क्लबांत करावा. शिशाऐवजीं कथलाचे छर्रेही मिळतात. ते हलके असतात, पण नळीस मानवले तर घरच्या सरावास चांगले. त्यांचीही परीक्षा वर सांगितलेल्या रीतीनेंच करावी.

हवेची बंदूक हें खेळणें नव्हे, हेंही येथें सांगून ठेवितों. तिच्या छऱ्यानें डोळा जाऊं शकतो. मारणाऱ्यानें व शेजारीं उभ्या असणाऱ्यानें चष्मा लावावा, निशाणामागें भक्कम आडोसा असावा, आणि मारावयाची वेळ येईपर्यंत बोट चापावर जाऊं नये. गच्चीवरून पांखरें टिपणें हा तर नेमबाजीचा सराव नव्हेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें बहुतेक रानपांखरें मारणें हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तें कृत्य चांगल्या घरांत शोभणारें नाहीं.

भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. त्यांत एक बाण घडविणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यांत तो इतका गढून गेला होता कीं, जवळून राजाची स्वारी गेली तरी त्यास कळलें नाहीं. एकाग्रतेचा दाखला म्हणून ही कथा आपण कीर्तनांतून ऐकतों. पण अवधूतानें गुरु मानिला तो बाण सोडणाऱ्या वीरास नव्हे, बाण सरळ आहे कीं नाहीं हें निरखणाऱ्या कारागिरास, ही गोष्ट आमच्या सहज ध्यानांत येत नाहीं. येत्या सुटींत एक वही, एक मोजपट्टी आणि चार पुड्या घेऊन क्लबांत जावें. आजोबांनींही बरोबर जावें, आणि मोजपट्टी त्यांच्या हातीं द्यावी.